असेंब्ली प्रोग्राममध्ये बाहेरच्या सोर्स फाइल समाविष्ट करण्याची रीत

असेंब्ली भाषेतला प्रोग्राम दोनतीनशे ओळींच्या पुढे गेला की एकाच फाइलमध्ये काम करणे जड जाऊ लागते. सिस्टम कॉलचे क्रमांक, पुन्हापुन्हा लागणारे मॅक्रो (ओळींच्या गटाला दिलेली नावे), छपाईची छोटी रूटीन हे सगळे वेगळ्या फाइलमध्ये ठेवावे आणि हवे तिथे ओढून घ्यावे, असे वाटणे साहजिक आहे. त्यासाठी जवळपास प्रत्येक असेंब्लरमध्ये, म्हणजे असेंब्ली मजकुराचे बाइटमध्ये रूपांतर करणाऱ्या प्रोग्राममध्ये, ‘इन्क्लूड’ नावाचे डायरेक्टिव्ह (असेंब्लरला दिलेला हुकूम) असते. ते वापरायला एक ओळ पुरते. त्या एका ओळीने नेमके काय घडते हे माहीत नसेल, तर मात्र पुढे अशा चुका होतात की ज्यांचे कारण ती ओळ आहे हे लवकर लक्षातही येत नाही.

या लेखातली मुख्य उदाहरणे नॅसम या असेंब्लरची आहेत आणि इतर असेंब्लरमधले फरक पुढे दिले आहेत. डायरेक्टिव्ह, सूचना आणि रजिस्टर यांची नावे इथे उच्चारानुसार देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्ष फाइलमध्ये ती नेहमीप्रमाणे रोमन अक्षरांत टंकावी लागतात.

इन्क्लूड म्हणजे मजकूर चिकटवणे

असेंब्लरला इन्क्लूडची ओळ दिसली की तो चालू फाइल तात्पुरती बाजूला ठेवतो, दुसरी फाइल पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो आणि मग मूळ फाइलमध्ये पुढच्या ओळीवर परत येतो. त्या फाइलमधला मजकूर आपण स्वतः त्या जागी टंकला असता तर जे झाले असते, तेच आणि तेवढेच होते. समाविष्ट फाइलला स्वतःची वेगळी चौकट नसते, स्वतःची वेगळी नावे नसतात आणि स्वतःचा वेगळा विभागही (आउटपुटमध्ये कोड किंवा डेटा यांच्यासाठी असलेला कप्पा) नसतो. आत शिरताना जी स्थिती असेल ती तिला मिळते, आणि बाहेर पडताना ती जी स्थिती करून ठेवेल ती पुढच्या ओळींना भोगावी लागते.

लिंकिंग ही याहून वेगळी गोष्ट आहे. तिथे प्रत्येक सोर्स फाइल स्वतंत्रपणे असेंबल होते, तिची ऑब्जेक्ट फाइल बनते आणि लिंकर त्या फाइल एकत्र जोडतो. कोणती गोष्ट इन्क्लूड करायची आणि कोणती लिंक करायची, हा निर्णय या सगळ्या कामातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे. माझा नियम सरळ आहे. ज्या मजकुरातून स्वतःहून एकही बाइट तयार होत नाही, म्हणजे स्थिरांक, मॅक्रो, स्ट्रक्चरची वर्णने, तो इन्क्लूड करावा; ज्यातून बाइट तयार होतात, म्हणजे रूटीन आणि डेटा, ती फाइल शक्यतो वेगळी असेंबल करून लिंक करावी. याला अपवाद आहेत आणि त्यांतला सर्वांत मोठा अपवाद बूट सेक्टरचा, म्हणजे संगणक सुरू होताना डिस्कवरून सर्वांत आधी वाचल्या जाणाऱ्या भागाचा, आहे. तो पुढे सविस्तर येतो.

पहिली पायरी: समाविष्ट करायची फाइल

लिनक्सवरील 64 बिटच्या प्रोग्रामसाठी एक छोटी फाइल करू आणि तिला ‘लिनक्स.आयएनसी’ म्हणू. एक्स्टेन्शन कोणतेही चालते, असेंब्लर ते तपासत नाही. पण ‘आयएनसी’ असे ठेवले तर ही फाइल एकटी असेंबल करायची नाही, हे वाचणाऱ्याला नावावरूनच कळते.

%इफएनडेफ लिनक्स_आयएनसी
%डिफाइन लिनक्स_आयएनसी

सिस_राइट  ईक्यूयू 1
सिस_एक्झिट  ईक्यूयू 60

%मॅक्रो छापा 2
  मूव्ह आरएएक्स, सिस_राइट
  मूव्ह आरडीआय, 1
  मूव्ह आरएसआय, %1
  मूव्ह आरडीएक्स, %2
  सिसकॉल
%एन्डमॅक्रो

%एन्डइफ

पहिल्या दोन ओळी आणि शेवटची ओळ मिळून फाइलचे राखण करतात. लिनक्स_आयएनसी हे नाव आधी ठरलेले नसेल तरच आतला मजकूर वाचला जातो, आणि वाचायला सुरुवात होताच ते नाव ठरवले जाते. त्यामुळे मुख्य फाइलने ही फाइल घेतली आणि दुसऱ्या एखाद्या समाविष्ट फाइलनेही ती पुन्हा मागितली, तरी दुसऱ्या वेळी आतला मजकूर गाळला जातो.

इथे एक बारकावा आहे. नॅसममधले %इफएनडेफ फक्त %डिफाइनने ठरवलेली नावे पाहते. ईक्यूयूने ठरवलेला स्थिरांक हे असेंब्लरच्या दृष्टीने एक लेबल (पत्त्याला किंवा संख्येला दिलेले नाव) असते आणि % ने सुरू होणाऱ्या ओळी आधी हाताळणाऱ्या प्रीप्रोसेसरला ते दिसत नाही. म्हणून राखणीचे नाव ईक्यूयूने ठरवले तर अट प्रत्येक वेळी खरी ठरते, फाइल दुसऱ्यांदा जशीच्या तशी वाचली जाते आणि राखण असूनही उपयोग होत नाही.

मॅक्रोबद्दलही दोन गोष्टी त्याच फाइलमध्ये टिप्पणी म्हणून लिहून ठेवाव्यात. पहिली, सिसकॉल ही सूचना आरसीएक्स आणि आर11 या दोन रजिस्टरांतली मूल्ये पुसते. म्हणून लूपची मोजणी आरसीएक्समध्ये ठेवून आत हा मॅक्रो वापरला तर मोजणी बिघडते. दुसरी, लांबी म्हणून आरडीआय किंवा आरएसआय दिले तर वरच्या ओळींनी ते रजिस्टर आधीच बदललेले असते आणि आरडीएक्समध्ये चुकीची संख्या जाते. मॅक्रो दुसऱ्या फाइलमध्ये असला की त्याच्या आतल्या ओळी डोळ्यांसमोर नसतात, म्हणून ही टिप्पणी मॅक्रोच्या अगदी डोक्यावर असावी.

दुसरी पायरी: मुख्य फाइल आणि मार्ग

मुख्य फाइलमध्ये अगदी वरती, कोणताही विभाग सुरू करण्याआधी, पुढील ओळ लिहावी:

%इन्क्लूड "लिनक्स.आयएनसी"

स्थिरांक आणि मॅक्रो यांना विभागाशी देणेघेणे नसते, पण नॅसममध्ये मॅक्रो वापरण्याआधी तो ठरलेला असावा लागतो. इन्क्लूडची ओळ वापराच्या खाली गेली तर असेंब्लर ‘छापा’ हे नाव ओळखत नाही. त्यानंतर डेटा विभागात मजकूर आणि त्याची लांबी लिहावी, टेक्स्ट विभागात, म्हणजे कोडच्या विभागात, आरंभाचे लेबल ग्लोबल (लिंकरला दिसेल असे) करावे, ‘छापा’ला पत्ता व लांबी द्यावी आणि शेवटी आरएएक्समध्ये सिस_एक्झिट, आरडीआयमध्ये 0 ठेवून सिसकॉल करावा. असेंबल करताना ‘-एफ ईएलएफ64’ हा पर्याय द्यायचा (ईएलएफ हे लिनक्सवरील ऑब्जेक्ट फाइलचे स्वरूप) आणि मिळालेली ऑब्जेक्ट फाइल ‘एलडी’ या लिंकरला द्यायची.

दोन्ही फाइल एकाच फोल्डरमध्ये असतील आणि आपणही त्याच फोल्डरमध्ये उभे राहून कमांड देत असू, तर हे पहिल्याच फटक्यात चालते. अडचण सुरू होते ती फाइल वेगवेगळ्या फोल्डरांत गेल्यावर. नॅसम समाविष्ट फाइल शोधतो ती आपण ज्या फोल्डरमधून कमांड देतो तिथे. मुख्य सोर्स फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे तिथे नाही. समजा, प्रकल्पाच्या मूळ फोल्डरमध्ये उभे राहून ‘सोर्स’ या उपफोल्डरमधली मुख्य फाइल असेंबल केली आणि तिने शेजारच्याच फाइलचे नुसते नाव दिले असेल, तर दोन्ही फाइल शेजारीशेजारी असूनही नॅसमला दुसरी सापडत नाही. नवशिक्याला हे पटत नाही, कारण फोल्डर उघडून पाहिले तर फाइल समोर दिसते.

यावर उपाय म्हणजे ‘-आय’ हा पर्याय. त्यापुढे फोल्डरचा मार्ग दिला की नॅसम चालू फोल्डरनंतर तिथेही शोधतो, आणि असे कितीही मार्ग देता येतात. मार्गाच्या शेवटी तिरकी रेघ द्यायची सवय ठेवावी. नॅसमच्या 2.14 आवृत्तीपूर्वी हा मार्ग फाइलच्या नावाला जसाच्या तसा जोडला जात असे, त्यामुळे ‘आयएनसी’ एवढेच लिहिले तर फोल्डर आणि फाइल यांची नावे सलग एकमेकांना चिकटत आणि तसली फाइल अर्थातच मिळत नसे. नव्या आवृत्त्यांत ही रेघ ऐच्छिक आहे, पण दिलेली असली तर दोन्हीकडे चालते.

सोर्सच्या आत पूर्ण मार्ग लिहू नये. तो लिहिला की प्रकल्प दुसऱ्या संगणकावर नेताच मोडतो. फाइलमध्ये नाव असावे, मार्ग कमांडमध्ये असावा. फोल्डर वेगळे करायला पुढे झुकलेली तिरकी रेघ वापरावी, कारण ती विंडोजवरही चालते. आणि नावातली लहानमोठी अक्षरे नेमकी जुळवावीत, कारण विंडोजवर खपलेला फरक लिनक्सवर खपत नाही.

तिसरी पायरी: कोड असलेली फाइल आणि तिची जागा

बूट सेक्टर लिहिताना आउटपुट नुसत्या बाइटच्या स्वरूपात हवे असते आणि लिंकर सहसा मध्ये येत नाही. त्यामुळे कोड विभागायचा तर इन्क्लूड हाच सोपा मार्ग उरतो, आणि इथेच जागेचे महत्त्व सर्वांत स्पष्ट दिसते.

बायोस, म्हणजे संगणक सुरू होताच चालणारा अंगभूत प्रोग्राम, डिस्कवरील पहिले 512 बाइट 0x7सी00 या पत्त्यावर आणतो, शेवटचे दोन बाइट 0x55 आणि 0xएए आहेत का ते पाहतो आणि पहिल्या बाइटपासून चालवायला लागतो. आता अक्षरे छापण्याचे रूटीन ‘छपाई.आयएनसी’मध्ये आहे आणि सवयीने आपण ती फाइल अगदी वरती समाविष्ट केली, असे धरू. तिचा पहिला बाइट आता बूट सेक्टरचा पहिला बाइट झाला. प्रोसेसर थेट छपाईच्या रूटीनमध्ये शिरतो. एसआय रजिस्टरमध्ये आपण काहीच ठेवलेले नसते, तरी लॉड्सबी ही सूचना तिथून एक बाइट उचलते आणि बायोसचा 0x10 क्रमांकाचा इंटरप्ट तो पडद्यावर छापतो. 0 हा बाइट मिळेपर्यंत हे चालते आणि मग येते आरईटी, म्हणजे बोलावणाऱ्याकडे परत जाण्याची सूचना. या रूटीनला कोणी कॉलच केलेले नाही, म्हणून स्टॅकवर परतीचा पत्ता नाही. जे काही तिथे पडलेले असेल तोच पत्ता समजून प्रोसेसर तिकडे उडी मारतो. पडद्यावर चार विचित्र अक्षरे येतात आणि यंत्र गोठते. रूटीनमध्ये एकही चूक नसते. ते फक्त चुकीच्या जागी चिकटवलेले असते.

बरोबर जागा एकच: मुख्य कोड जिथे संपतो, म्हणजे एचएलटी (प्रोसेसरला थांबवणारी सूचना) आणि मागे उडी मारणारा कायमचा लूप, त्याच्या खाली, आणि 510 बाइटपर्यंत शून्ये भरणाऱ्या ‘टाइम्स’च्या ओळीच्या वर. लूपमुळे प्रोसेसर खाली घसरत नाही, आणि ‘टाइम्स’च्या वर असल्यामुळे रूटीनचे बाइट 512 च्या आत मोजले जातात. फाइल या ओळीच्याही खाली गेली तर नॅसम काहीच तक्रार करत नाही. आउटपुट 512 पेक्षा मोठे होते, पण बायोस पहिलेच 512 बाइट आणतो, त्यामुळे कॉल केलेले रूटीन मेमरीत नसतेच. याउलट वरच्या भागातच कोड फार वाढला तर ‘टाइम्स’ची संख्या ऋण होते आणि नॅसम तिथेच थांबतो. ही चूक दिसली की ती जागा संपल्याची खूण समजावी.

समाविष्ट फाइलमध्ये ‘ऑर्ग’, म्हणजे कोड कोणत्या पत्त्यावर बसेल हे सांगणारे डायरेक्टिव्ह, लिहू नये. नुसत्या बाइटच्या आउटपुटसाठी नॅसम तो एकदाच स्वीकारतो. ‘बिट्स 32’ (पुढचा कोड 32 बिटचा समजावा असे सांगणारी ओळ) लिहायचे असेल तर शेवटी पुन्हा ‘बिट्स 16’ लिहायला विसरू नये, नाहीतर पुढचा सगळा कोड दुसऱ्याच पद्धतीने बाइटमध्ये बदलला जातो आणि असेंब्लरच्या दृष्टीने त्यात काहीच गैर नसते.

आत जसे गेलो तसेच बाहेर यावे

बिट्सबद्दल जे सांगितले तेच विभागालाही लागू आहे. समाविष्ट फाइलने मध्येच डेटा विभाग सुरू केला आणि तो तसाच सोडला, तर मुख्य फाइलमधल्या पुढच्या सूचना डेटा विभागात जाऊन बसतात. लिनक्सवर तो विभाग चालवण्याजोगा नसतो, म्हणून तिथे उडी पडताच प्रोग्राम सेगमेंटेशन फॉल्टने मरतो, आणि आपण मात्र तपासत राहतो ती उडी मारणारी ओळ.

नॅसममध्ये यासाठी एक नीटस सोय आहे. विभाग बदलताना ‘सेक्शन डॉट डेटा’ हे शब्द चौकोनी कंसात लिहावेत आणि काम झाल्यावर मागेपुढे दोनदोन अंडरस्कोअर असलेले ‘सेक्ट’ हे मॅक्रो लिहावे. कंसातल्या रूपाने विभाग बदलतो, पण आधीच्या विभागाची नोंद तशीच राहते आणि ‘सेक्ट’ त्या नोंदीवर परत आणते. बोलावणारी फाइल कोणत्या विभागात होती हे समाविष्ट फाइलला माहीत असण्याची गरजच उरत नाही. ग्नू असेंब्लरमध्ये, ईएलएफ स्वरूपासाठी, हेच काम ‘डॉट पुशसेक्शन’ आणि ‘डॉट पॉपसेक्शन’ ही जोडी करते.

दुसरा धोका स्थानिक लेबलांचा. नॅसममध्ये टिंबाने सुरू होणारे लेबल त्याच्या आधीच्या पूर्ण लेबलाशी बांधलेले असते. एखाद्या रूटीनच्या पोटात, ‘.फेरी’ हे लेबल आणि तिकडे परत जाणारी उडी यांच्या मध्ये, आपण एक फाइल समाविष्ट केली आणि त्या फाइलमध्ये एखादे पूर्ण लेबल असले, तर उडीच्या ओळीवर पोहोचेपर्यंत मालक बदललेला असतो. असेंब्लर ‘.फेरी’ नव्या लेबलाखाली शोधतो आणि ती सापडत नाही. म्हणून रूटीनच्या मध्ये फाइल समाविष्ट करू नये. तिथे मॅक्रो वापरावा आणि त्याच्या आतली लेबले %% ने सुरू करावीत, म्हणजे प्रत्येक वापरात त्यांना वेगळे नाव मिळते.

एकच फाइल दोन ठिकाणी

राखणीचा उपयोग एका असेंब्लीपुरता असतो. प्रकल्पात दोन सोर्स फाइल स्वतंत्रपणे असेंबल होत असतील आणि दोघींनी एकच फाइल समाविष्ट केली असेल, तर प्रत्येक वेळी असेंब्लर कोऱ्या पाटीने सुरुवात करतो आणि राखण दोन्ही वेळा मजकूर आत येऊ देते. फाइलमध्ये फक्त स्थिरांक असतील तर काहीच बिघडत नाही. ग्लोबल केलेले रूटीन असेल तर लिंकर एकाच नावाच्या दोन व्याख्या सापडल्याचे सांगून थांबतो. ही चूक निदान बोलते तरी.

न बोलणारी चूक अधिक घातक असते, आणि तिच्यात माझी एक पूर्ण संध्याकाळ गेली आहे. ‘मोजणी’ नावाचा एक चल समाविष्ट फाइलमध्ये होता, ग्लोबल केलेला नव्हता, आणि दोन ऑब्जेक्ट फाइलमध्ये तो आला होता. एका फाइलमधले रूटीन मोजणी वाढवत होते आणि दुसऱ्या फाइलमधले रूटीन ती छापत होते, तरी पडद्यावर प्रत्येक वेळी 0 येत होते. लेबल मुळात आपापल्या ऑब्जेक्ट फाइलपुरतेच असते, म्हणून लिंकरला त्यात काहीच खटकले नाही. प्रोग्राममध्ये ‘मोजणी’ दोन होत्या आणि दोघींचे पत्ते वेगळे होते. ‘एनएम’ या साधनाने तयार प्रोग्राममधली नावे काढून पाहिली तेव्हा एकच नाव दोन पत्त्यांसह दिसले. असा चल एकाच सोर्स फाइलमध्ये ठेवावा, तिथे तो ग्लोबल करावा आणि समाविष्ट फाइलमध्ये फक्त ‘एक्स्टर्न मोजणी’ एवढी, म्हणजे हे नाव दुसऱ्या फाइलमध्ये ठरले आहे असे सांगणारी, ओळ असावी.

इतर असेंब्लरमधले फरक

ग्नू असेंब्लरमध्ये ‘डॉट इन्क्लूड’ लिहितात. शोध आधी चालू फोल्डरमध्ये आणि मग ‘-आय’ने दिलेल्या मार्गांवर, दिलेल्या क्रमाने होतो. मात्र सोर्स फाइलचे एक्स्टेन्शन कॅपिटल एस असेल आणि ती जीसीसी या कंपायलरमार्फत असेंबल केली, तर ती आधी सी भाषेच्या प्रीप्रोसेसरमधून जाते आणि मग ‘हॅश इन्क्लूड’ही चालते. अवतरण चिन्हांतले हे दुसरे रूप फाइल आधी समाविष्ट करणाऱ्या फाइलच्याच फोल्डरमध्ये शोधते, त्यामुळे एकाच सोर्समध्ये दोन्ही रूपे वापरली तर शोधण्याच्या जागा वेगवेगळ्या असतात हे ध्यानात ठेवावे. सी भाषेची हेडर फाइल अशी घ्यायची असेल तर तिच्यातील फंक्शनच्या घोषणा असेंब्लरला कळत नाहीत. त्या ‘असेंब्लर’ या पूर्वनिश्चित मॅक्रोच्या (मागेपुढे दोनदोन अंडरस्कोअर) अटीत बंद कराव्यात. राखणीसाठी ‘डॉट इफएनडेफ’ वापरताना इथे नॅसमच्या उलट आहे: ते चिन्हे पाहते, म्हणून राखणीचे नाव ‘डॉट सेट’ने ठरवले तरी चालते.

मॅसममध्ये इन्क्लूडपुढे फाइलचे नाव अवतरण चिन्हांशिवाय लिहितात. तिथले ‘इन्क्लूडलिब’ नावाने जवळचे असले तरी मजकूर चिकटवत नाही. ते लिंकरसाठी लायब्ररीचे नाव नोंदवून ठेवते. फॅसम फाइल शोधायला समाविष्ट करणाऱ्या फाइलच्या फोल्डरपासून सुरुवात करतो, त्यामुळे तिथे नॅसमसारखी चालू फोल्डरची अडचण सहसा येत नाही.

चित्र, फॉन्ट किंवा तक्ता असा कच्चा डेटा आणायचा असेल तर इन्क्लूड नको. नॅसममध्ये ‘इन्कबिन’, ग्नू असेंब्लरमध्ये ‘डॉट इन्कबिन’ आणि फॅसममध्ये ‘फाइल’ हे डायरेक्टिव्ह बाइट जसेच्या तसे ठेवते. नॅसममध्ये नावापुढे 1024, 512 असे लिहिले तर पहिले 1024 बाइट सोडून पुढचे जास्तीत जास्त 512 घेतले जातात. आधी एक लेबल द्यावे आणि लगेच खाली चालू पत्त्यातून ते वजा करून लांबी ठरवावी, म्हणजे फाइल बदलली तरी लांबी आपोआप बरोबर राहते.

तपासणी आणि पुनर्बांधणी

काय चिकटले याबद्दल शंका आली की अंदाज बांधत बसू नये. नॅसमला कॅपिटल ‘-ई’ दिले की तो फक्त प्रीप्रोसेसिंग करून मजकूर दाखवतो, आणि ‘-एल’ने लिस्टिंग फाइल मिळते, तिच्यात समाविष्ट फाइलमधून आलेल्या ओळींपुढे <1>, <2> अशी खोली दिसते आणि प्रत्येक ओळीचा विभागाच्या सुरुवातीपासून मोजलेला पत्ता व बाइटही दिसतात. बूट सेक्टरचे रूटीन सुरुवातीपासून कितव्या बाइटवर बसले हे पाहायला यापेक्षा थेट मार्ग नाही.

मेक, म्हणजे बदललेल्या फाइलपुरतीच पुनर्बांधणी करणारे साधन, वापरत असाल तर समाविष्ट फाइल बदलूनही ऑब्जेक्ट फाइल जुनीच राहण्याचा अनुभव एकदा तरी येतो, कारण नियमात फक्त मुख्य फाइलचे नाव असते आणि ती बदललेली नसते. नॅसमचा कॅपिटल ‘-एमडी’ हा पर्याय असेंबल करतानाच कोणकोणत्या फाइल वाचल्या त्याची नोंद मेकच्या नियमाच्या रूपात लिहून देतो. ती नोंद मेकफाइलच्या शेवटी ‘-इन्क्लूड’ने घ्यावी, पुढचे उणे चिन्ह आवश्यक आहे, कारण पहिल्या खेपेला ती फाइल अस्तित्वात नसते आणि चिन्ह नसेल तर ती नसल्याबद्दल मेक तक्रार करतो. कॅपिटल एसच्या फाइलसाठी जीसीसीचा ‘-एमएमडी’ चालतो, पण त्याला फक्त ‘हॅश इन्क्लूड’ दिसते. ‘डॉट इन्क्लूड’ने आणलेली फाइल त्या नोंदीत येत नाही, म्हणून अशा प्रकल्पात ते नाव नियमात स्वतः लिहावे किंवा ग्नू असेंब्लरचा दोन उणे चिन्हांचा ‘--एमडी’ वापरावा.